मोहरीने आलेलं म्हातारपण

मित्रांनो, मी एक जुना दिसणारा रिव्हॉल्व्हर आहे. यातला 'दिसणारा' तेवढा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

माझा जन्म इटलीतल्या एका डोंगराळ खोऱ्यातला. तिथे घराघरात कानस चालते. जन्मलो तेव्हा मी काय देखणा होतो म्हणून सांगू. नळी निळीशार, चापाभोवतीची पितळी कडी पिवळीधमक, आणि मुठीचं लाकूड चोखून ठेवलेल्या खाऊच्या गोळीसारखं लालभडक. मी आताच्या पिस्तुलांसारखा नाही हं. तयार काडतूस मला चालत नाही. माझ्या चक्राला सहा खण. प्रत्येक खणात समोरून बंदुकीची दारू ओतायची, वर शिशाची गोळी दट्ट्याने ठासायची, तोंडाला चरबी लावायची, आणि शेवटी खणामागे बोंडी म्हणून बारीक नळकांडी असते तिच्यावर तांब्याची इवलीशी ठिणगीची टोपी बसवायची. घोडा टोपीवर आपटला की धाड. मग असा पांढरा धूर की नेमबाजाला आपलीच गोळी कुठे गेली ते शेजाऱ्याला विचारावं लागतं.

बोटीतून अमेरिकेत आलो आणि मिसूरीतल्या ओझार्क डोंगरात एल्डन प्रूएटच्या घरी पोचलो. एल्डनने झाकण उघडलं तर पेटीत आधीच एक जण झोपलेला. तोंडवळा हुबेहूब माझा. फक्त तो म्हातारा. एल्डनच्या पणजोबांचा रिव्हॉल्व्हर. मी त्यांना तेव्हापासून आजोबा म्हणतो. तेही रिव्हॉल्व्हरच, पण तीसेक वर्षांत माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. खानदानी माणसं अशीच असतात.

आता खरं बोलायचं तर आजोबांपुढे मी कच्चाच होतो. त्यांचा घोडा मागे ओढला की लोण्यातून सुरी जावी तसा यायचा, चार वेळा टिक टिक करत. माझा ओढताना एल्डनचा अंगठा दुखायचा. त्यांच्या चक्रावर जहाजांची लढाई कोरलेली, ती इतक्या हातांनी झिजली होती की जहाजं बुडाली होती, समुद्र तेवढा उरला होता. माझी जहाजं कालच रंगवल्यासारखी. त्यांची मूठ हातात आपोआप बसायची. माझी बसवून घ्यावी लागायची. पण पोलादाचं विचाराल तर मी वरचढ. आजोबांच्या काळचं लोखंड मऊ. माझं नव्या भट्टीतलं, कडक. ते मात्र मी मान वर करून सांगतो.

मला आणायचं कारणही तेच. आजोबांच्या चक्राला चीर गेली होती. ती नेल्डाला सापडली, एल्डनच्या बायकोला. नेमबाजी झाली की त्याच संध्याकाळी आम्हाला साबणाच्या गरम पाण्यात धुवावं लागतं, नाहीतर दारूची काजळी लोखंड खाते. नेल्डा चक्र धुवत होती, तर एका खणाच्या भिंतीतून बाहेर बुडबुडे यायला लागले. भिंत फुटलेली. त्या खणात दारू भरून कुणी चाप ओढला असता, तर चक्राचे तुकडे हातातच उडाले असते.

"झालं याचं," नेल्डा म्हणाली.

"नेमबाजीपुरतं झालं," एल्डन म्हणाला. "पण क्लबात कुणाला बोलू नकोस."

का, ते सांगतो. आमच्या डोंगरात जुन्या बंदुकांचा एक क्लब आहे. दर शरदात स्पर्धा भरते, आणि स्पर्धेचा पहिला बार प्रूएटांच्या जुन्या रिव्हॉल्व्हरचा. पिढ्यान्‌पिढ्यांचा मान. तो जाता तर बर्ट्राम हॅस्कलकडे जाता. बर्ट्रामकडेही अस्सल जुना रिव्हॉल्व्हर होता, आणि बर्ट्राम असा माणूस, की माझ्यासारखी नवी नक्कल बाकावर ठेवली तर तो त्या बाकावर बसायचा नाही.

मग एल्डनने मला हाताशी धरलं. आधी व्हिनेगरमध्ये बुडवून माझा निळा रंग उतरवला. मग सॉसेजला लावतात त्या आंबट, लोखंडावर डाग पाडणाऱ्या पिवळ्या मोहरीच्या चटणीची बाटली घेऊन अंगभर ठिपके दिले, वर मीठ भुरभुरवलं आणि डुकराच्या मांड्या धुरी द्यायला टांगतात त्या खोपटात मला टांगून ठेवलं. जहाजं घासून बुडवली. मुठीचा लाल रंग खरवडून अक्रोडाचा काढा पाजला.

"घरातली सगळी मोहरी संपवलीस," नेल्डा ओरडली. "सॉसेज काय नुसतं गिळू?"

"सॉसेजपेक्षा हा चांगला मुरलाय," एल्डन म्हणाला आणि पोट धरून हसत बसला.

मित्रांनो, पहिल्या वर्षी बर्ट्रामने मला नाकाशी धरून पाहिलं. मी श्वास रोखला. मला श्वास नसतो, तरी रोखला. तो चार लोकांना म्हणाला, "हे डाग बघा. असे डाग कारखान्यात होत नसतात, त्याला काळ जावा लागतो." काळ कसला, रविवार दुपार गेली होती. तेव्हापासून पहिला बार माझा. एकदाही चुकलो नाही. लोक टोपी काढून उभे राहायचे, म्हाताऱ्या मला हात लावून डोळे टिपायच्या. आणि आजोबा पेटीत, घोंगडीखाली. त्यांना बाहेर काढायची आता कुणाला गरजच पडत नव्हती.

ही मजा अशीच चालली असती. पण एका वर्षी प्रूएटांकडे जावई आला.

गॅरेट नाव. सेंट लुईसचा, विमा कंपनीतला. पोरगा गोड, पण सासऱ्याला खूश कसं करावं या काळजीने अर्धा झालेला. एल्डनला तो 'सर' म्हणायचा.

"मला सर म्हणू नकोस रे," एल्डन म्हणायचा. "मी काय शाळेत शिकवतो?"

"नाही सर," गॅरेट म्हणायचा.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी घरात दुसरं कुणी नव्हतं. गॅरेटने मागच्या ओसरीत पेटी उघडली. आत आम्ही दोघं. मी काळपट, डागाळलेला, फोटोत पाहिलेला. म्हणजे हाच तो मानाचा, याला हात नको. आणि बाजूला कुणीतरी करडा, मळकट, दुर्लक्षित. म्हणजे ही स्वस्तातली नक्कल, गंजलेली दिसते. पोराने मनाशी ठरवलं की सासऱ्याचं एक काम हलकं करू. तारेचा काथ्या घेतला, पॉलिश घेतलं, आणि आजोबांना घासायला बसला.

मी बघत होतो. दीडशे वर्षांचा तो करडा रंग, ज्याच्यासाठी जाणकार लोक जीव टाकतात, तो फडक्यावर काळा होऊन उतरत होता. संध्याकाळपर्यंत आजोबा नव्या चमच्यासारखे लखलखायला लागले, आणि गॅरेटने त्यांना पुन्हा घोंगडीखाली ठेवलं. मला आधी हसू आलं. एका घरात नातू मोहरी लावून म्हातारा, आणि आजोबा पॉलिश लावून तरणे.

दुसऱ्या दिवशी मैदानात मी पहिला बार काढला, झकास. एल्डन लोकांशी हात मिळवत फिरत होता, तेवढ्यात गॅरेट आडवा आला.

"सर, नवख्यांच्या फेरीत मी उतरू का? पेटीतला घेऊन?"

"घे की. पण जुन्याला हात लावायचा नाही. फक्त दुसरा."

"नाही सर. जुन्याला कसा लावेन?"

दोघंही खरं बोलत होते, आणि दोघांच्या डोळ्यांपुढे वेगळाच जुना होता. गॅरेटने मला अदबीने बाकावर ठेवलं आणि आजोबांना उचललं.

आता मला हसू येईना. गॅरेट एकेका खणात दारू ओतत होता. गोळ्या ठासत होता. चीर गेलेला खणही त्याने भरला, वर चरबी फासली, अगदी नेटकेपणाने. मी फूटभर अंतरावर पडलेलो. धाड करायला जन्मलेला मी, आणि ओरडता येईना.

नवख्यांच्या फेरीवर देखरेखीला बर्ट्राम होता. डोंगरात अस्सल ओळखणारा त्याच्याइतका कुणी नाही. पण गॅरेटच्या हातातली चकाकी त्याने लांबून पाहिली आणि मान फिरवली. नकलेकडे काय बघायचं?

टोप्या चढवायचा हुकूम झाला. गॅरेटने एल्डनच्या डबीतली टोपी काढून बोंडीवर ठेवली. ती पडली. दुसरी ठेवली, तीही पडली.

"मिस्टर हॅस्कल, या टोप्या राहत नाहीत."

"इटलीचा माल," बर्ट्राम म्हणाला. "चिमटीत दाबून चपटी कर आणि बसव. राहते."

गॅरेटने एक दाबली. बसली. त्याने दुसरी घेतली.

मागे सगळ्यांच्या जेवणासाठी शिजणाऱ्या घेवड्याच्या पातेल्याशी नेल्डा डाव घेऊन उभी होती. टोप्या राहत नाहीत हे तिच्या कानावर पडलं. मित्रांनो, त्या डबीतल्या टोप्या माझ्या मापाच्या. माझ्यावर त्या बरणीच्या झाकणासारख्या घट्ट बसतात. सैल होतात त्या एकाच ठिकाणी, आजोबांच्या झिजलेल्या बोंड्यांवर. नेल्डाने डाव तिथेच टाकला.

"गॅरेट," ती म्हणाली. आवाज अगदी सपाट. "तोंड समोरच ठेव. घोड्यावरचा अंगठा काढ. खाली ठेव ते."

"पण मॅडम, मी जुन्याला हात..."

"खाली."

त्याने ठेवलं. एल्डन पळत आला, आजोबांकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा चुलीतल्या राखेसारखा झाला.

"एवढं काय झालं?" बर्ट्राम म्हणाला. "खेळणं तर आहे."

इथे एल्डनला गप्प राहता आलं असतं. पेटी बंद करून घरी न्यायची, मान शाबूत. पण आजोबा भरलेले होते, आणि भरलेल्या हत्याराजवळ कोण काय समजतोय यावर कुणाचा तरी हात अवलंबून असतो.

"खेळणं नाही, बर्ट्राम. हा माझ्या पणजोबांचा. चक्र फुटलंय याचं. कुणी जवळ जाऊ नका."

"मग सकाळी काय उडवलंस?"

एल्डनने माझ्याकडे बोट केलं. सगळं मैदान माझ्याकडे बघायला लागलं.

"आणि ते डाग? तो काळ?"

"मोहरी," नेल्डा म्हणाली. "मीठ, आणि माझं व्हिनेगर. मला अजून भरून दिलेलं नाही."

एल्डनने टोपी हलकेच काढली, चक्र सोडवलं आणि नेल्डाने ते भांडी घासायच्या टबात बुडवलं, दारू भिजून मरायला. दारू विरघळली, गोळ्या काढल्या, मग तिने त्या खणात साबणाचं पाणी भरून अंगठ्याने दाबलं. बाहेरच्या अंगाने बारीक बुडबुड्यांची रेघ आली. गॅरेट आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. एक एक बोट हलवून पाहिलं त्याने.

"चपटी करून बसव, असं मी सांगितलं," बर्ट्राम हळूच म्हणाला. मग त्याने कमरेचा आपला अस्सल रिव्हॉल्व्हर काढला, रिकामा आहे हे दोनदा पाहिलं, चक्र सोडवलं आणि नेल्डापुढे धरलं. तिने तेही बुडवलं. सगळे टबावर वाकले. बुडबुडे आले नाहीत. बर्ट्राम मटकन बसला. बसला तो बाक माझाच होता, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. पण उठला नाही.

"मान तुझा," एल्डन म्हणाला. "पुढच्या वर्षीपासून पहिला बार तू काढ."

बर्ट्रामने मला हातात घेतलं आणि वास घेतला. "इतकी वर्षं मी मोहरीला टोपी काढत होतो," तो म्हणाला. "आता काढायची थांबलो तर लोक मलाच हसतील. पहिला बार हाच काढेल. पण नाव खरं पुकारायचं."

तसंच ठरलं. पुढच्या शरदात भोंग्यावर पुकारा झाला, "पहिला बार, प्रूएटांची नक्कल, इटलीत घडलेली, घरचं नाव मोहरी." लोक हसले, आणि मग, देवाशपथ, त्यांनी टोप्या काढल्या. त्या दिवसासारखा आवाज मी आधी कधी काढला नव्हता. उसन्या म्हातारपणाचा मान गोड लागतो, पण आपल्या नावाचा मान अंगी लागतो.

तेव्हा मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तूला घासून तरणं करू नका. तिचा मळ कधी कधी मळ नसतो. काम झालं की त्याच दिवशी धुवा, पुसा, तेल लावा. हत्यार जुनं असो, नवं असो, मोठ्या माणसांशिवाय त्याला हात लावू नका. आणि पेटीत मागे पडलेल्या म्हाताऱ्याला मधूनमधून बाहेर काढून विचारा, बरं आहे ना? त्याची चीर कुणाला तरी ठाऊक असू द्या.

आजोबा आता नेल्डाच्या फडताळात काचेमागे असतात, चकचकीत. येणारी मुलं त्यांना नवा समजतात आणि मला जुना. गॅरेट दर भेटीला काचेपुढे उभा राहून 'सॉरी सर' म्हणतो, आणि परवा मला स्पष्ट ऐकू आलं, आजोबांचा घोडा आपसूक टिक झाला. एकदाच. माझ्याशी नाही बोलले, पण घरात बोलायला लागलेत.

एल्डन मात्र हल्ली फडताळाभोवती फार घुटमळतो. काचेतून त्या चकाकीकडे बघतो, हनुवटी खाजवतो आणि स्वयंपाकघरात जातो. नेल्डाने मोहरीची बाटली कुलपात ठेवली आहे.