चादरी पांघरलेले सहा जण

झिलिना शहरातल्या संग्रहालयात नवप्रयोगवादी आणि समकालीन स्लोव्हाक कलेच्या प्रदर्शनाचे उद्घाटन पार पडले. भाषणे संपून वाइनचे पेले फिरू लागले; वृद्ध व्हेन्डेलीन मात्र एकाच छायाचित्रासमोर खिळून राहिला होता. बर्फाच्छादित माळावर सहा माणसे पांढऱ्या चादरी डोक्यावरून पांघरून पाठमोरी उभी होती. त्या काळी, कम्युनिस्ट राजवटीत, अशा बिनपरवाना कलाउद्योगांत चेहरा दिसला की नोकरी जाई. म्हणून पाठच दाखवायची, असा दंडक होता.

त्या सहांत त्याची बायको ओतिलिया होती. मागल्या हिवाळ्यात ती निवर्तली, आणि घरात त्याच्याशी बोलणारे कोणी उरले नाही. आज तो केवळ तिला पाहण्यासाठी आला होता, आणि ती त्याला ओळखू येत नव्हती. उभ्या संसारात रस्त्याने तो सदैव तिच्या पुढेच चालला; तिची पाठ त्याने कधी न्याहाळलीच नव्हती.

छायाचित्र काढणारा कोर्नेल काठी टेकीत जवळ आला.

“काही खाल्लंस का? अंड्याचे पाव संपतील बघ.”

“यातली ओतिलिया कुठली रे?”

कोर्नेलने डोळे बारीक केले. “ही असेल. नाहीतर ही.”

“त्याला काय विचारतोस?” सहांपैकीच एक असलेली हेर्मीना मागून म्हणाली. “सकाळी चष्मा कुठे ठेवला, ते आठवत नाही त्याला.”

“मग तू सांग.”

“मी चादरीत होते रे बाबा. समोरचा डोंगर तेवढा दिसत होता.”

इतक्यात वृत्तपत्राच्या तरुण बातमीदार बाईने हयात असलेल्या पाचही जणांना छायाचित्राखाली तसेच उभे राहण्याची गळ घातली.

“सरक, गाश्पार. ही माझी जागा,” हेर्मीना म्हणाली.

“तेव्हाही असंच ढकललं होतंस.”

कुरकुरत, एकमेकांना कोपरे मारीत, पाचही जणांनी पाठ फिरवली. हेर्मीना आणि गाश्पार यांच्या मधोमध एका माणसापुरती जागा मोकळी राहिली. तशी ती ठेवायची, असे कोणीच ठरवले नव्हते.

व्हेन्डेलीनने दृष्टी वर छायाचित्राकडे उचलली. त्या जागेवरची आकृती इतरांहून बुटकी होती, आणि तिची चादर एका खांद्यावरून किंचित घसरली होती.

“आजोबा, या ना, जागा आहे,” बातमीदार बाई म्हणाली.

“नको. मी इथेच बरा आहे.”

छायाचित्र निघाले. पाचही जण हसत वाइनकडे वळले. व्हेन्डेलीन दाराशी बसलेल्या बाईकडे गेला.

“उद्या किती वाजता उघडता?”

“दहाला. पण आजोबा, उद्याही हेच असणार.”

“हेच पाहिजे,” तो म्हणाला, आणि कोट चढवून एकटाच बाहेर पडला.