ओट्यावरचा डाग आणि मी

मित्रांनो, मी पाचोऱ्याच्या मंजुळाबाईंचा जुना पाटा. पृथ्वीच्या पोटातला तापलेला रस जमिनीवर येऊन भराभर निवला आणि माझा काळा दगड झाला. पुढे पाथरवटाने मला घडवले. काळा मसाला वाटताना गल्लीभर ठसका उठायचा, तेव्हा माझा काय तोरा होता म्हणून सांगू!

मग सूनबाई दिपमालाने हौसेने काळ्या चकचकीत दगडाचा ओटा बसवला आणि माझी रवानगी मोरीपाशी झाली. माझ्यावर साबणाची वडी! खरे सांगतो, त्या ओट्यावर मी जळत होतो.

एकदा वच्छलाबाई पाट्यांना टाकी लावायला आली. दिपमाला शाळेत विज्ञान शिकवायला गेली होती. माझे काम झाल्यावर मंजुळाबाई म्हणाल्या, “हाऊ ओटा निसता गुळगुळीत शे. याले बी टाकी लाई दे, म्हनजे सूनबाईले उभ्यानं मसाला वाटता यी.”

“अवो अक्का, पॉलिश उडी जाई!” वच्छलाबाई कां-कूं करत होती, पण मंजुळाबाईंपुढे कोणाचे चालते? वीतभर ओटा खडबडीत झाला आणि तिथे पांढुरका डाग पडला.

दिपमाला घरी आली आणि रडलीच. “आई, विचारायचं तरी होतं!”

त्या दिवसापासून मंजुळाबाईंनी स्वयंपाकघरात पाऊल टाकले नाही. त्या माझ्याजवळ येऊन बसत. मला फार वाईट वाटे. ओट्याची जिरली, हा आनंदही कुठल्या कुठे गेला.

एका रविवारी ओटा पुसताना दिपमालाला त्या डागात चमकणारे कण दिसले. तिने शाळेचे भिंग लावून पाहिले, मग मोरीपाशी येऊन माझा फुटका कोपरा पाहिला आणि सासूबाईंना हात धरून आत नेले.

“आई, हे कण बघा केवढे! हा दगड जमिनीच्या पोटात सावकाश निवला, म्हणून कण वाढले. पाटा वर येऊन लगेच निवला, म्हणून त्याचे कण नुसत्या डोळ्यांना दिसतच नाहीत. पण दोघांचा रस एकसारखाच.”

“म्हनजे भाऊभाऊच शेतस?”

“तसंच म्हणा.”

“मंग एक घरमा नि एक मोरीजोडे, आसं काब्रं?” मंजुळाबाई हळूच म्हणाल्या.

 दिपमालाने मला घासून धुतले, दोघींनी मिळून उचलले आणि नेमके त्या डागावर ठेवले.

मित्रांनो, घरातले जुने दगड आणि जुनी माणसे मोरीपाशी बसवू नका, एवढेच मागणे. आता मसाला माझ्यावर मंजुळाबाई वाटतात, उभ्याने. ठसका मात्र दोघींना लागतो.