हिऱ्याची बी

मित्रांनो, मी हिऱ्याची एक जुनी बी आहे. साखरेच्या दाण्याएवढी, चपटी. हिरे खाणीत सापडतात एवढेच तुम्ही ऐकले असेल. काही हिरे कारखान्यातही वाढवतात, आणि ते माझ्या अंगावर वाढतात. कौतुक मात्र हिऱ्याचे होते. माझे नाव कोणी काढत नाही.

दोन भावांचा छोटा कारखाना होता. यंत्र एकच, पण खोलीभर. थोरला मला चिमट्याने उचलून एका जाड भांड्याच्या तळाशी ठेवी. माझ्यावर लोखंड आणि निकेलचा थर, त्याच्यावर पेन्सिलीत असते तसले काळे शिसे, म्हणजे कार्बनच. मग यंत्र चहूबाजूंनी दाबू लागे आणि विजेने भांडे तापे. धातू वितळे, शिसे त्यात विरघळे. तळाशी उष्णता वरच्यापेक्षा किंचित कमी असे, म्हणून विरघळलेला कार्बन खाली येऊन माझ्यावर थराथराने बसे. हा फरक थोडाच हवा. तो वाढवला तर हिरा भराभर वाढतो, पण धातूचे थेंब पोटात घेऊन. हिरा तयार झाला की मला कापून वेगळे करत, घासत आणि पुन्हा तळाशी ठेवत. इतके हिरे गेले, एकानेही मागे वळून पाहिले नाही.

एकदा मोठ्या हिऱ्याची मागणी आली. तो बिनडाग निघाला तरच कारखाना टिकणार होता.

"दादा, या गतीने गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल," धाकटा म्हणाला.

"जाऊ दे. कचरा देण्यापेक्षा उशीर परवडला."

"तुला नेहमी तुझंच खरं करायचं असतं!"

त्या दिवसापासून दोघांचे बोलणे बंद झाले. धाकटा आपल्या पाळीत उष्णतेचा फरक वाढवी, थोरला आपल्या पाळीत मुकाट्याने कमी करी. थोरल्याची बायको दोघांचे डबे आणी. "अरे, एकदा समोरासमोर बसा की!" ती म्हणे. तिचे कोण ऐकतो! माझ्यावर मात्र एक थर स्वच्छ बसे, एक घाणेरडा. मला सगळे कळत होते, पण ओरडायला तोंड नव्हते.

शेवटी भांडे फोडले. हिरा मोठा होता, पण आत काळ्या ठिपक्यांचे पट्टेच्या पट्टे. थोरल्याने लोहचुंबक जवळ नेला. हिरा टुणकन उडी मारून त्याला चिकटला.

मग थोरला म्हणाला, "बी जुनी झाली होती."

"हो ना," धाकटा म्हणाला. "त्या बीनेच वाट लावली."

कित्येक दिवसांनी दोघांचे एकमत झाले, ते हे. वहिनीने दोघांकडे पाहिले, डबे उचलले आणि ती निघून गेली.

कारखान्याला टाळे लागले. मला हिऱ्यापासून वेगळे करण्याचे कष्टही कोणी घेतले नाहीत. आता आम्हा मायलेकरांची भुकटी होईल, दगड कापायच्या करवतीसाठी.

मित्रांनो, कळकळीने सांगते. घरात काही वाढत असेल, तर आपले भांडण त्याच्यावर काढू नका. आणि काढलेच, तर निदान दोष तरी त्याला देऊ नका.