मागच्या बाकावरचे बेळ्ळिप्पाडी सर

म्हैसूरबाहेरच्या त्या विज्ञान महाविद्यालयात नियम साधा होता: बेडूक शिका नाहीतर तारे, गणिताचे चार पेपर सगळ्यांना. शिरसीहून बेडकांच्या ओढीनं आलेली भुवना दुसऱ्याच पेपरला आपटली. तोच पेपर पुन्हा नशिबी आल्यावर तिनं नियम रद्द करण्यासाठी अर्ज लिहिला, चाळीस सह्या मिळवल्या आणि जीवशास्त्राच्या बेळ्ळिप्पाडी सरांपुढे ठेवला.

सर खूश झाले. "तीस वर्षं बेडूक धरतोय. एकाही बेडकानं मला मॅट्रिक्स विचारलं नाही." अर्ज घेऊन ते थेट गणिताच्या नागवेणी मॅडमकडे गेले. भुवना दारातच थांबली.

मॅडमनी अर्जाची घडी घातली. "सर, न चाखता मीठ कमी म्हणू नये. महिनाभर वर्गात बसा. मग सांगाल तिथं सही करते."

सर इरेला पेटले. सोमवारपासून नवी वही घेऊन मागच्या बाकावर, भुवनाशेजारी. पहिल्या चाचणीत तिला विसात सहा, सरांना दोन.

"तपासण्यात चूक आहे," सर म्हणाले.

मॅडमनी पेपर पुन्हा पाहिला. "खरंय, चुकलंच माझं," म्हणत अर्धा मार्क कापला.

कॅन्टीनमध्ये चुरमुरीचा द्रोण पुढे सरकवत सरांनी हळूच विचारलं, "सहा कुठून आणलेस गं?"

"तीन तर अंदाजपंचे दाहोदरसे, सर."

"मग उरलेले तीन शिकव."

शिकवायचं तर आधी स्वतःला कळायला हवं. भुवना रोज पुस्तकाशी झटू लागली. सर "असं का?" म्हणाले की ती पानं उलटायची, मग दोघंही मॅडमच्या दारात. महिनाअखेरच्या चाचणीत सरांना अकरा, तिला दहा. सरांनी आपला पेपर प्रयोगशाळेत सगळ्यांना दाखवला, झाडू मारणाऱ्या मल्लम्मालासुद्धा.

अर्जाच्या बैठकीला सह्या करणारे दाराबाहेर कान लावून उभे होते.

"बोला सर, करू सही?" मॅडमनी विचारलं.

सर अवघडले. "ते राहू द्या हो. माझ्या चौथ्या प्रश्नाला दोन मार्क कमी पडलेत, ते आधी बघा."

वाद त्यावरच पेटला. बाहेर पोरांनी भुवनाला घेरलं. "बुडवलं की तुझ्या सरांनी."

ती ओशाळली. पण चौथ्या प्रश्नात सरांचंच बरोबर होतं, आणि ते आपल्याला दिसतंय याचंच तिला नवल वाटत होतं. ती आत शिरली, खडू उचलला. "मॅडम, ही दुसरी ओळ बघा."

मॅडमनी चष्मा चढवला, ओळ तपासली आणि दोन मार्क वाढवले.

नियम तसाच राहिला. भुवना काठावर पास झाली. सर तिसऱ्या पेपरच्या वर्गालाही जाऊन बसले. बेडकांचं काम तेवढं त्या वर्षी मागे पडलं.