फोनच्या वेळी रसिका घरी होती

मला एकच वाक्य बोलायचं होतं. माझ्याच्यानं हिला सांभाळणं होत नाही. माझी लेक मयुरा महिनाभर मेलबर्नहून फोन करून ते माझ्याकडून घोकून घेत होती.

माझा मुलगा निहार आणि सून एकाच दिवशी गेले, धुक्यात गाडी ट्रकवर आदळून. त्यांची रसिका तेव्हा नऊ वर्षांची होती, आता अकरा. निहारच्या नोकरीमुळे मिळालेलं, राजधानीतल्या लक्ष्मीबाई नगरचं हे सरकारी क्वार्टर मार्चमध्ये सोडायचं आहे. मयुरा भाचीला स्वतःकडे न्यायला तयार आहे. पण व्हिसा मिळायचा तर इथे तिला बघणारं कुणी उरलं नाही, हे तिथल्या लोकांना पटायला हवं. आणि मी तर होते.

"आई, कुणी विचारलं की तुझं लगेच सगळं मस्त चाललेलं असतं," मयुरा म्हणायची. "त्या दिवशी तरी जरा खोकून दाखव. एरवी खोकतेसच की."

व्हिसा ऑफिसचा फोन मंगळवारी सकाळी अकराला येणार होता. रसिका शाळेत असेल म्हणून मीच ती वेळ मागून घेतली होती. पण सोमवारी हवेतला धूर इतका वाढला की शाळांना आठवडाभर सुट्टी दिली. रसिकाला दम्याचा त्रास, तिला बाहेर कुठे पाठवणार? शेजारची विनया ऑफिसला गेलेली. मी रसिकाला आतल्या खोलीत बसवलं. फोन वाजला तशी ती वही घेऊन बाहेर आली आणि माझ्यासमोर बसली.

अधिकारी बाई हिंदीत बोलत होत्या, आवाज मऊ होता. त्यांनी माझं वय विचारलं, औषधं विचारली, स्वयंपाक कोण करतं ते विचारलं. मी करते म्हटलं. नीट ऐकू यावं म्हणून मी फोन स्पीकरवर ठेवून हातात धरला होता. मग त्यांनी विचारलं, मुलगी मोठी होईपर्यंत तुम्ही तिला सांभाळू शकाल का?

रसिकाने वहीतून मान वर केली. मी नुसती खोकले तरी ही पोर दोन वर्षं विचारत आलीय, आजी, तू नाही ना जाणार? तिच्या तोंडावर ते वाक्य मला बोलवेना.

"हाँ जी," मी म्हटलं. "बिल्कुल."

व्हिसा गेला. पलीकडे काहीतरी टाइप केल्याचा आवाज येत होता.

रसिका उठली आणि माझ्या हातातून फोन घेतला.

"आंटी, दादी सच नहीं बता रहीं."

मग ती धडा म्हणून दाखवावा तशी सांगत गेली. दिवाळीपासून आजी तीनदा न्हाणीघरात पडली. दूध गॅसवर ठेवून झोपली. मागच्या आठवड्यात शाळेच्या बसपाशी आली आणि तिने मला ओळखलंच नाही, मी हात धरून घरी आणलं.

पडल्याचं मला माहीत होतं, मीच कुणाला सांगितलं नव्हतं. दुधाचंही माहीत होतं. बसचं मला काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

फोन पुन्हा माझ्याकडे आला. बाईंनी विचारलं, हे खरं आहे का?

"सच है," मी म्हटलं. "मुझसे नहीं होता."

निकाल मेलवर कळवू म्हणून त्यांनी फोन ठेवला. रसिका पुन्हा वही घेऊन बसली. माझ्याकडे बघत नव्हती. मला विचारायची भीती वाटत होती, तरी विचारलं.

"बसपाशी मी काय बोलले तुला?"

"हिंदीत बोललीस." तिने पेन्सिल खाली ठेवली. "बेटा, तुम्हारे घर में कौन है?"

"मग तू काय सांगितलंस?"

"दादी हैं."