खंडेनवमीला चालू ठेवलेलं मशीन

शिवप्रसादला देवाची आठवण नेमकी बहिणीच्या कामाच्या वेळी व्हायची. एरवी हा गडी हिंगोलीतल्या आपल्या कॉम्प्युटर क्लासात खुर्चीवर रेलून पेपर वाचायचा आणि शिकवायचं सगळं ओझं रागिणीच्या अंगावर टाकायचा. बोर्डावर संचालक म्हणून नाव त्याचं, घसा बसायचा तिचा. बदल्यात तिला दोन वेळचं जेवण मिळायचं, आणि वर ‘घरात बसवून पोसून राहिलो’ हे ऐकावं लागायचं.

गावात इंटरनेट अजून फोनच्या वायरीवरून रांगत यायचं, तेव्हाची ही गोष्ट. रागिणीनं एका परदेशी फ्रेमवर्कमध्ये हात घातला होता. फ्रेमवर्क म्हणजे प्रोग्रॅम उभे करायचा तयार सांगाडा. याचा सोर्स कोड सगळ्यांना उघडा होता; कुणीही उतरवून घ्यावा, दुरुस्त करावा, आपल्या मशीनवर बांधावा. त्यात मराठी नावांची यादी काही केल्या बाराखडीच्या क्रमानं लागत नव्हती. रागिणीनं ती खोड हुडकली आणि दुरुस्ती लिहून त्या परदेशी लोकांना पाठवली. ती पाहून पुण्याच्या एका कंपनीनं मेल केली. नव्या आवृत्तीत त्या भागाची उलथापालथ झाली आहे, तुमची दुरुस्ती तिच्यात बसवा, सगळं तुमच्या मशीनवर बांधा आणि चाचण्यांचा निकाल दसऱ्याच्या सुट्टीआधी, नवमीच्या संध्याकाळपर्यंत पाठवा. जमलं तर नोकरी.

ही मेल वाचली आणि शिवप्रसादच्या पोटात दुखायला लागलं. बहीण पुण्याला गेली तर क्लासला कुलूपच लागणार, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण तसं बोलून दाखवायला मन मोठं लागतं. त्यानं दुसरा मार्ग धरला. तिनं सोर्स उतरवायला लावला की याला नेमके सेनगावच्या पाहुण्यांना, डोंगरकड्याच्या दोस्ताला फोन करायचे असायचे. रिसीव्हर उचलला की लाइन तुटायची. रागिणी दात आवळून, जिथं तुटलं तिथून पुढं पुन्हा लावायची. असं तुटत तुटत एकदाचं ते सगळं उतरलं. दुरुस्तीही बसली. नवमीच्या पहाटे तिनं बिल्ड, म्हणजे सोर्सपासून प्रोग्रॅम बांधायचं काम, चालू केलं आणि पडद्यावर ओळी सरकायला लागल्यावर अंघोळीला घरी गेली. मशीन जुनं होतं, दुपार होणार होती.

ती परत आली तर पडदा काळा. क्लासातली सगळी मशीनं ओळीनं पुसून मांडलेली, प्रत्येकावर हळदीकुंकवाची बोटं आणि झेंडूचं फूल. तिच्या मशीनला तर भलामोठा हार. शिवप्रसाद अनवाणी, कपाळभर गंध, उदबत्ती ओवाळत होता. नवरात्राचे नऊ दिवस तो वहाण घालत नसे, घटाची पूजा झाल्याशिवाय पाणी पीत नसे. आई, कौशल्याबाई, बाजूला ताट धरून उभी होती.

“दादा, बिल्ड चालू होतं! काहून बंद केलं?”

“आज खंडेनवमी हाय. अवजाराला इसावा असतो आज. सुतार वाकस धरत न्हाई, शिंपी मशीन चालवत न्हाई. तुझंच काय येगळं?”

“मागच्या खंडेनवमीला तू दिवसभर सर्टिफिकिटं छापत होतास, तवा कुटं गेला होता इसावा?”

“तवाचं तवा. चूक झाली ती. आता सुधारली.”

इतकं निर्लज्ज उत्तर रागिणीनं जन्मात ऐकलं नव्हतं. तिनं आईकडं पाहिलं. कौशल्याबाईनं ताटातला दिवा सावरला.

“देवाधर्मात आडवी येऊ नको, पोरी. पुण्याला जाऊन कोन्ता उजेड पाडणार हायेस? दादा करून राहिला ते तुझ्या भल्याचंच.”

“माझ्या न्हाई, क्लासच्या,” रागिणी म्हणाली.

शिवप्रसादनं मेन स्विच पाडला, स्विचच्या पेटीला कुलूप घातलं, किल्ली कडोसरीला खोचली आणि मायलेक नैवेद्याला घरी निघून गेले. दार लावायची तसदीही घेतली नाही. बिनलाइटीची ही काय करणार, असं त्याला वाटलं. रागिणीच्या अंगाचा नुसता भडका उडाला होता. तिनं वायरी उपटल्या, हारासकट मशीनचा डबा तेवढा उचलला आणि रस्त्यावर आली.

पण न्यायचं कुठं? झेरॉक्सवाल्यानं आपल्या यंत्राला फुलं वाहून शटर अर्ध्यावर ओढलं होतं. पलीकडं टायपिंगवाल्याची मशीनंही पाटावर बसली होती. नाक्यावरच्या रिक्षा धुऊन, हार घालून उभ्या होत्या. “ताई, आज गिअर टाकत न्हाई,” एक रिक्षावाला म्हणाला. गावभरची अवजारं सुट्टीवर होती. खंडेनवमी न पाळणारं एकच घर तिच्या ओळखीत होतं, आणि त्या घरी तोंड दाखवायची तिची हिंमत नव्हती. ती तरीही नाल्यापलीकडं चालायला लागली.

त्या घरची सत्यशीला नांदेडला तिच्याच वर्गात शिकलेली. आता जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होती. घरचे सगळे सकाळीच जीप करून नागपूरला दीक्षाभूमीवर गेले होते, ती शाळेच्या कामापायी मागं राहिली होती. तिनं दार उघडलं, घामानं निथळणारी रागिणी पाहिली, मशीनवरचा हार पाहिला.

“हे काय मिरवून राहिली?”

रागिणीनं सगळं सांगितलं. सत्यशीला दारातून हलली नाही.

“तुमच्या क्लासात शिकवायला जागा मागायला आले होते मी. तुझा दादा म्हनला, तुमी शिकवायला लागल्या तर पोरांच्या घरचे कुरकुर करतील. तू शेजारी बसली होतीस. काय बोललीस तवा?”

“काहीच न्हाई,” रागिणी म्हणाली.

“बराबर. काहीच न्हाई.” सत्यशीला बाजूला सरली. “ये आत. मॉनिटर हाय, फोन हाय. काम कर. पन आपण मैत्रिणी हाव असं समजू नको.”

मशीन चालू झालं. रागिणीनं बिल्ड पुन्हा लावलं. जे बांधून झालं होतं ते सोडून ते पुढं जायला लागलं आणि लगेच अडकलं. शिवप्रसादनं मशीन बंद केलं त्या क्षणी जी फाइल तयार होत होती, ती अर्धवट राहिली होती. तिनं ती पुसली, पुन्हा लावलं. ओळी सरकू लागल्या. सत्यशीला पलीकडं पोरांचे पेपर तपासत बसली.

ऊन डोक्यावरून कललं तसा गल्लीतून आरडाओरडा ऐकू आला. कुणीतरी शिवप्रसादला सांगितलंच होतं. अनवाणी, तापल्या डांबरावरून तो तरातरा आला आणि दारासमोर गपकन थांबला. उंबऱ्यापासून हातभर अंतरावर.

“रागे! मशीन माझं हाय. बाहेर आन!”

बिल्ड शेवटाला आलं होतं, चाचण्या बाकी होत्या. याची दोन पावलं आणि वायरीला एक हिसका, की पुणं संपलं. रागिणी पडद्यासमोर आडवी उभी राहिली.

सत्यशीलानं लाल पेन खाली ठेवलं. उठून तिनं दार सताड उघडलं.

“या की शिवप्रसादभाऊ. आत या. हे काय समोरच हाय. घ्या उचलून, मी अडवत न्हाई.”

शिवप्रसादनं आत पाहिलं. भिंतीवरची तसबीर पाहिली, पाण्याचा माठ पाहिला, स्वतःचे अनवाणी पाय पाहिले. घरी घट बसलेला होता, नऊ दिवसांचा नेम अजून सुटायचा होता.

“मी... माझं सोवळं हाय. तिलाच सांगा बाहेर आनायला.”

“तिला काहून? मशीन तुमचं न्हवं का?”

तो जागचा हलला नाही. पाय भाजत होते, म्हणून आलटून पालटून उचलत होता. त्यानं शिव्या दिल्या, आईची शपथ घातली, क्लासचे दरवाजे बंद म्हणाला, घराचेही बंद म्हणाला. गल्लीतली माणसं ओट्यांवर येऊन बघत राहिली, त्याला हसली नाहीत की बस म्हणाली नाहीत. आणि तो ओरडत होता तोवर आत बिल्ड संपलं, चाचण्या पार पडल्या, मराठी नावांची यादी क्रमानं लागली. रागिणीनं फोनची वायर जोडली आणि निकाल पाठवून दिला.

“गेला!” ती ओरडली. तिला रडू आलं आणि हसूही आलं. बाहेर शिवप्रसाद थुंकून माघारी वळला होता. “सत्यशीला, गेला गं! दोन पावलं टाकली असती त्यानं तर सगळं मातीत गेलं असतं. बरं झालं, आत आला न्हाई!”

सत्यशीला अजून उघड्या दारातच उभी होती.

“तुझ्यासाठी बरं झालं,” ती म्हणाली. “तो हा उंबरा ओलांडून आत आला असता नि तुझं मशीन घेऊन गेला असता, तर मला बरं वाटलं असतं.”