झुलालची बदली

“सर, याचा आवाज कोणी बंद केला?”

झुलाल लाइनमन माझ्या टेबलाखाली उकिडवा बसला होता. बाजारात नारळ पारखावा तसा त्याने मोडेम कानाशी धरला होता.

“मी,” मी म्हणालो. “त्याचे ते किंचाळणे वाचताना सहन होत नाही.”

“मग त्याला काय होतंय, ते त्यानं सांगायचं कसं?”

मी तीस वर्षे जळगावच्या महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवत आलो आहे. ज्याला उत्तर नाही असा प्रश्न मी दुरून ओळखतो, आणि तो विचारणाऱ्याला सहसा क्षमा करत नाही.

गोष्ट नव्याण्णव सालची. धुळ्याचे निवृत्त मुख्याध्यापक गिरधर चौधरी आणि मी चौदा वर्षे बुद्धिबळ खेळत होतो. आधी पोस्टकार्डावर, आठवड्याला एक खेळी. आणि गेली दोन वर्षे संगणकावर, दर रविवारी सकाळी दहाला, टेलिफोनच्या तारेवरून. माझा मोडेम त्यांचा नंबर लावी, त्यांचा मोडेम तो उचली आणि दोन्ही पडद्यांवर एकच पट उमटे. मला दुसरा मित्र नव्हता. माणसांपेक्षा पुस्तके निवडण्याचा अधिकार मी पुरेपूर बजावला होता. गिरधर भाऊ हा त्यातला एकमेव अपवाद, आणि अपवाद एकट्याच्या मालकीचा असावा अशी माझी धारणा होती.

मग गणिताच्या विभागप्रमुखांच्या संगणकावर नवी ऑपरेटिंग सिस्टिम आली. त्यांना तिची गरज नव्हती. मलाही नव्हती; पण ती त्यांच्याकडे होती. आठवड्याभरात ती माझ्याकडेही आली, आणि त्या रविवारपासून डाव लागेना. पडद्यावर एकच वाक्य येई: पलीकडून उत्तर नाही. सहाशे पानांचे एक पुस्तक आणून मी टिपणे काढत वाचले. खेळाचा प्रोग्राम काढून पुन्हा घातला, वायर बदलली, धुळ्याचा कोड तीन प्रकारे लिहून पाहिला. तबकडीच्या फोनवरून गिरधर भाऊ खणखणीत ऐकू येत. संगणकावरून मात्र ते या जगात नसल्यासारखेच. “सर, खेळी तोंडी सांगू का?” असे ते विचारत. डाव ही काही किराणा मालाची यादी नव्हे, असे मी उत्तर देई.

पुस्तकाच्या चारशे एकाव्या पानावर सदोष लाइनचा उल्लेख सापडला आणि मला माझा आरोपी मिळाला. तीन रविवार, तीन तक्रारी. तिसऱ्या तक्रारीत मी लाइनमन या इसमाच्या निष्काळजीपणावर दीड पान लिहिले. उपरोधाचा इतका नेटका नमुना त्या कार्यालयात यापूर्वी कोणी धाडला नसेल. ते दीड पान आता झुलालच्या खाकी शर्टाच्या खिशात होते.

त्याने आवाज मोठा केला. “लावा आता नंबर.”

डायलटोनची घरघर आली, मग पीं-पीं-पीं असे दहा-अकरा सूर, आणि मग पुन्हा तीच घरघर.

“ऐकलं, सर? सूर वाजले, पण मागची घरघर थांबलीच नाही. नंबर गेला असता तर ती थांबली असती. पहिले हा कसा वाजायचा?”

“टकटक वाजायचा,” मी नाइलाजाने म्हणालो.

“तेच. आपल्या भागाचं एक्स्चेंज म्हातारं शे. त्याला तुमच्या तबकडीसारखी टकटक समजते, हे गाणं समजत नाही. नव्या सिस्टिमनं येता येता तुमची जुनी सेटिंग पुसली. टोनचं पल्स करा, म्हणजे गाण्याऐवजी टकटक.”

“पडद्यावर तर लिहिले आहे, पलीकडून उत्तर नाही.”

“पलीकडं विचारलंच कुठं होतं?” झुलाल हसला. त्या हसण्यात कुचेष्टा असती तर मला ते सोयीचे झाले असते.

मी एक खूण बदलली. मोडेमने टकटक केली, घरघर थांबली, दूर कुठे घंटी वाजली आणि तीन आठवडे अडलेला डाव पडद्यावर उभा राहिला. सहाशे पानांत जे नव्हते ते या माणसाने दोन मिनिटांत केवळ कानाने काढले होते. मी त्याचे आभार मानले. वाक्य निर्दोष होते. त्यात आभार सोडून सर्व काही होते.

झुलाल पडद्यावरचा नंबर पाहत होता. “ही लाइन तर मीच ओढेल शे, शहाऐंशीत, धुळ्याला होतो तेव्हा. गिरधर भाऊंची! सर, डाव संपला की दोन शब्द बोलू का?”

डाव त्या दिवशी पुढे सरकला नाही. मी जोडणी तोडून फोन लावून दिला. गिरधर भाऊ ट्रंककॉलच्या काळातले. फोनवर ओरडूनच बोलत. त्यामुळे दोघांची अहिराणी मला सगळी ऐकू आली.

“भाऊ, मी झुलाल बोली ऱ्हायनू. सरना घरथून.”

“झुल्या! गधड्या, कोठे मरी गयथा? सहा महिना व्हयनात, तोंड दखाडं नही!”

“बदलीना अर्ज करेल शे, भाऊ. पहिली तारीखले धुयाले यी जासू. मंग दर रईवारे पट मांडूत.”

“ये रे, लवकर ये. आठे बठ्ठा नुसता उंट-घोडा करतस, खेळता एकलेबी येत नही.”

म्हणजे पहिल्या तारखेपासून धुळ्याचा रविवार झुलालचा होणार होता.

चौदा वर्षे गिरधर भाऊ मला ‘आपण’ म्हणत आले होते. मी ते आदराचे लक्षण मानले होते. मला त्यांनी कधी गधडा म्हटले नव्हते, आणि म्हणावे असे मला इतक्या तीव्रतेने वाटेल, हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हते.

मी फोन हातात घेतला. “सर,” ते म्हणाले, “आज बोलूनच टाकतो. एकोणनव्वदमध्ये माझ्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, ठाऊक आहे ना आपल्याला? सहा महिने मला अक्षर दिसत नव्हतं. आपली कार्डं झुलाल वाचायचा. मी म्हटलं, तूच खेळ. तो घोडा मारायला दिला तो डाव... सगळा त्याचा. आपण त्यावर लेख लिहिलात, मग सांगायचा धीरच होईना.”

तो घोडा. चौदा वर्षांत मी हरलेला सर्वांत सुंदर डाव. महाविद्यालयाच्या वार्षिकात मी त्यावर अकरा पाने लिहिली होती आणि असे बलिदान अभिजात वाङ्मयाच्या दीर्घ सहवासाने घडलेल्या मनालाच सुचते, असा निष्कर्ष काढला होता. कार्डांवरचे बदललेले अक्षर मला दिसले होते; अधू डोळ्यांचे अक्षर असेच असणार, असे मी धरून चाललो. ते अभिजात मन आता माझ्या टेबलाखाली वायर गुंडाळत होते.

“तू लेख पाहिला होतास?” मी विचारले.

“भाऊंनी वाचून दाखवला ना. चांगला होता, सर. मला काही समजला नाही, पण चांगला होता.” त्याने खिशातून तक्रारीचा कागद काढला. “एक काम होतं. इथं कारण लिहून सही द्या. तक्रार उघडी राहिली तर अर्ज पुढं जात नाही. आठ वर्षं झाली, जळगावात एका खोलीत स्टोव्हवर भाकरी थापतोय. तिकडं धुळ्याजवळ सोनगीरला म्हातारी आई एकटी शे. आणि खरं सांगू का? भाऊंसाठीबी.”

“काय लिहू?”

“लाइनमध्ये दोष होता, तो काढला, असं लिहा. सेटिंगचं कशाला कागदावर आणायचं? तुमचं नाव मोठं शे.”

आपली चूक नसताना ती आपल्या तारेवर घ्यायला तो इतक्या सहज तयार होता, की मला त्याचा संताप आला. मला तो रविवार दिसला: गिरधर भाऊंचा ओटा, मधोमध लाकडी पट, चहाचे दोन कप, आणि जळगावात माझा मोडेम टकटक करतो आहे, तिकडे कोणी उठत नाही.

मी लिहिले: ‘जोडणी पूर्ववत झाली, दोषाचे कारण निश्चित झालेले नाही.’ खाली सही केली. असे वाक्य तक्रार मिटवत नाही, आणि ते खोटे आहे असेही कोणाला सहज सिद्ध करता येत नाही. वाक्यांची अशी बांधणी हाच माझा व्यवसाय.

झुलालने कागदाची चौपदरी घडी केली.

“वाचून तरी घे,” मी म्हणालो. एवढी एकच संधी मी त्याला दिली, किंवा स्वतःला.

“तुम्ही लिहिलं ना, सर,” तो म्हणाला आणि सायकलवर टांग टाकून निघून गेला.

बदलीच्या यादीत झुलालऐवजी नशिराबादच्या भटू लाइनमनचे नाव लागले.

दोन महिन्यांनी, एका रविवारी, आमचा डाव चालू होता. गिरधर भाऊ फार वाईट खेळत होते. वजीर फुकट घालवला, आणि मग खेळीच्या जागी पडद्यावर अक्षरे उमटली: झुलाल आला नाही. आपल्याला काही समजले का?

मी उत्तर टंकले: लाइन खराब आहे. आणि जोडणी तोडली.

खिडकीबाहेर, आमच्या गल्लीच्या खांबावर, झुलाल चढलेला होता. जळगावातच राहिल्यामुळे नव्या केबलचे काम आणि रविवारची ड्यूटी त्याच्याच वाट्याला आली होती. माझ्या तारेला चिमटे लावून त्याने आपला तपासणीचा फोन कानाशी धरला. मी खिडकीत दिसताच त्याने हात वर केला.

“एकदम साफ शे, सर!” तो वरून ओरडला. “लावा भाऊंना!”

आणि टकटक सुरू होण्याची वाट पाहत, फोन कानाशी धरून, तो खांबावर तसाच थांबला.